कानाखाली वाजवली

बेडोक, मंगळवार

प्रिय आई,
साष्टांग नमस्कार. मी बरी आहे, जेवणखाण वेळेवर होतं, फक्त दमलेय. तुझा गुडघा कसा आहे?

तुझा लाडका गायक रत्नदीप, त्याचा खटला इथल्या कोर्टात चालू आहे. कार्यक्रमाच्या दिवशी त्यानं मेकअप करणाऱ्या उर्मिलाला मारलं, असा आरोप आहे. ती मराठीत साक्ष देते आणि मी दुभाषी म्हणून ती इंग्रजीत सांगते. इथे ज्युरी नसते, निकाल एकटे न्यायाधीश देतात. त्यांना मराठी येत नाही, त्यामुळे ते माझंच ऐकतात.

काल ती म्हणाली, "त्यांनी माझ्या कानाखाली वाजवली." माझ्या तोंडून मात्र ‘ढकललं’ असं निघालं. त्याच्या गाण्यांवर वाढलेली ना मी! लगेच भानावर आले आणि म्हणाले, "माझी चूक झाली. थप्पड मारली, असं ती सांगतेय." न्यायाधीशांनी तसं लिहून घेतलं. रत्नदीपकडे मला बघवलं नाही.

बाहेर आल्यावर उर्मिलानं रडत माझा हात धरला. मी तो सोडवून घेतला. दुभाष्यानं कुणाच्याच बाजूचं दिसायचं नसतं. आई, कोर्टात चूक कबूल करण्यापेक्षा ते मला जास्त जड गेलं.

बाबांना जप.

तुझी,
जाई