मागच्या सीटवरून लेह

रविवार, २२ नोव्हेंबर २००९
फुलपाडा, विरार

अण्णा,

आज सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये आपल्या लेहच्या ट्रिपची सीडी दाखवली. तळमजल्यावरच्या काकांनी तेव्हा व्हिडिओ कॅमेऱ्यात जे टिपलं होतं, त्याची त्यांच्या मुलानं आता सीडी करून घेतली आणि ट्रिपला आलेल्या घरांना एकेक दिली. पोहे होते, चहा होता. आईला हाताला धरून मी खाली नेलं. कार्यक्रम संपल्यावर आम्ही वर आलो, जेवलो. आई झोपली, तेव्हा मी एकटीनं ती सीडी पुन्हा लावली. आता संध्याकाळ झाली आहे आणि मी हे लिहायला बसले आहे. तुम्ही गेल्याला दहा वर्षं होत आली. तुम्ही असताना मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, कारण आपण एकाच घरात होतो आणि तरीही फारसं बोलत नव्हतो.

आता जे सेक्रेटरी आहेत त्यांनी सुरुवातीला तुमच्याबद्दल भाषण केलं. "असा माणूस पुन्हा होणार नाही," म्हणाले. "सीटची पाळी म्हणजे पाळी. स्वतःची बायको आजारी, तरी शेवटच्या सीटवर! सरचूपासून लेहपर्यंत! आणि वहिनींनीही एका शब्दानं तक्रार केली नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ही गोष्ट तुम्हीच पसरवली, अण्णा. ट्रिपहून आल्यावर कोणीही घरी आलं की तुम्ही ती सांगायचात. आई चहा घेऊन बाहेर आली की तिच्याकडे हात करून म्हणायचात, "आमच्या हिनं नियम मोडू दिला नाही." ती ट्रे ठेवून आत जायची. तुम्ही गेल्यावर शोकसभेतही तीच सांगितली गेली, आणि पांढरी साडी नेसून बसलेल्या आईला ती ऐकून घ्यावी लागली.

मला तो दिवस तुमच्यापेक्षा जास्त आठवतो, कारण तुम्ही ट्रिपचे पुढारी म्हणून पुढे ड्रायव्हरशेजारी होतात. ट्रिप तुम्ही जमवली होती. अर्धी माणसं आपल्या बिल्डिंगमधली, अर्धी तुमच्या ऑफिसातली. निघण्यापूर्वीच तुम्ही जाहीर केलं होतं की रोज सगळ्यांनी एक ओळ मागे सरकायचं आणि शेवटच्या ओळीनं पुढे यायचं, म्हणजे खिडकी आणि पुढची जागा सगळ्यांना मिळेल. एरवी त्यात चूक काहीच नव्हती. मनालीहून निघून सरचूला तंबूत मुक्काम झाला. तिथं आईचं डोकं दुखायला लागलं. सकाळी तिनं तोंडात पाणी घेतलं तेही बाहेर आलं. आणि त्याच दिवशी आपली पाळी शेवटच्या बाकाची होती, मागच्या चाकाच्या वर.

बस निघायच्या आधी मी तुमच्याकडे आले होते. तुम्ही दाराशी उभं राहून माणसं मोजत होता. मी म्हटलं, "अण्णा, आईला आज पुढे बसवूया. तिला फार त्रास होतोय." तुम्ही मोजणी थांबवली नाहीत. ती संपली तेव्हा म्हणालात, "सगळ्यांनाच होतोय. उंचीवर होतंच. कापूर हुंगायला दे." मी तिथेच उभी राहिले, तर खालच्या आवाजात म्हणालात, "उद्या लोक म्हणतील, पुढारी झाला आणि बायकोला पुढे बसवलं. तुला ते ऐकायचंय का?" मला ते ऐकायला काहीच वाटलं नसतं. पण तुमच्याशी वाद घालायची आपल्या घरात पद्धत नव्हती. मी मागे गेले.

ही तुमची पद्धत काही हिमालयात सुरू झालेली नव्हती. आपण इथं नवीन राहायला आलो तेव्हा बिल्डिंगला टँकरचं पाणी होतं आणि तुम्ही सेक्रेटरी होतात. टँकर आला की आपल्या घरच्या बादल्या सगळ्यांच्या मागे. मी शाळेतून आलेली, पोटात भूक, आणि आई दोन हातांत दोन कळशा घेऊन उन्हात उभी. एकदा पाणी संपत आलं तसं मी आपली बादली पाइपखाली सरकवली. तुम्ही सगळ्यांसमोर ती उचलून मागे नेऊन ठेवलीत आणि मला म्हणालात, "सेक्रेटरीची मुलगी आहेस, लाज वाटू दे." त्या दिवशी आपल्याला पाणी मिळालंच नाही. आईनं शेजारच्या वहिनींकडून तांब्याभर मागून आणलं आणि त्यात वरण-भात केला. तुम्ही जेवताना समाधानी दिसत होता. शेजारणीकडे मागायला जाताना तिला काय वाटलं, हे तुम्ही विचारलं नाहीत.

तर त्या बसमध्ये आम्ही शेवटच्या बाकावर. बस चढाची वळणं घेत वर जाते आहे, प्रत्येक खड्ड्याला आम्ही दोघी सीटवरून उडतो आहोत. आईचं डोकं माझ्या मांडीवर आहे, पदर तोंडावर. पुढे भेंड्या चालल्या आहेत. तुमच्या ऑफिसातले एकजण ओरडतात, "अण्णा, खिंडीत पोचलो की एक जनरल बॉडी मीटिंग घ्या! कोरम पूर्ण आहे!" सगळे हसतात, तुम्हीही हसता. मग खिंड ओलांडून बस खाली उतरते आणि ती दरी सुरू होते. दोन्ही बाजूंनी पिवळट तांबड्या मातीच्या उभ्या भिंती, वाऱ्यानं कोरून कोरून त्यांचे खांब झालेले, कुठे एखाद्या देवळाचं शिखर असावं तसे, कुठे नुसते सुळके. खाली बारीकशी नदी. झाड नाही, गवत नाही. पुढच्या भेंड्या थांबल्या. चौथ्या मजल्यावरच्या वहिनी तेवढ्या म्हणाल्या, "बाई बाई, आपला वसईचा किल्ला कोणीतरी आभाळापर्यंत बांधत नेलाय." मग त्याच उठून मागे आल्या. आईला पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, ही तर पांढरी पडलीय! वहिनी, तुम्ही माझ्या जागेवर या, मी बसते इथं." आईनं डोळे न उघडता हात हलवला. "नको हो. ह्यांना चालायचं नाही." "ह्यांना काय विचारायचंय? मी देतेय ना जागा!" तरी आई नकोच म्हणाली. त्या परत जाताना तुमच्याशेजारी थांबून काहीतरी बोलल्या. तुम्ही काय उत्तर दिलंत ते मला मागे ऐकू आलं नाही. तुम्ही उठून आला नाहीत, एवढं दिसलं.

पुढे पांग नावाच्या थांब्यावर तंबूंपाशी चहासाठी बस थांबली. आम्ही उतरलो नाही. संध्याकाळी लेहला पोचल्यावर आईला शुद्ध नव्हती म्हटलं तरी चालेल. हॉटेलच्या माणसानंच जीप काढली. दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला, आणि तिथल्या डॉक्टरनं मला विचारलं, "इन्हें ऐसी हालत में बिठाके लाए?" मी मान खाली घातली. तुम्ही सगळ्यांना खोल्यांच्या किल्ल्या वाटून मग आलात. आईच्या कपाळावर हात ठेवून म्हणालात, "आता बरं वाटेल." तिला बरं वाटलं, हे खरं आहे. त्यानंतर ती कुठल्याच ट्रिपला आली नाही, हेही खरं आहे. तुम्ही म्हणायचात, तिला घरातच आवडतं.

आज पडद्यावर ती दरी आली तेव्हा आई सावरून बसली. चष्मा नीट केला. बराच वेळ पाहून मला म्हणाली, "काय सुंदर आहे गं. हे कुठलं?"

मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "अहो वहिनी, असं काय करता! आपणच गेलो होतो की!" आणि सगळे हसले. आईही हसली. "हो का? असेल, असेल," म्हणाली. घरी येताना जिन्यात दम खायला थांबली तेव्हा मला म्हणाली, "मला त्या दिवसाचं सीटचं रेक्झिन आठवतं. हिरवं होतं, त्याला चीर पडलेली, आतला काथ्या दिसत होता. बाकी काही पाहिलंच नाही मी." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मला मात्र वाटलं, हे आत्ताच्या आत्ता हॉलमध्ये जाऊन सांगावं. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मी तिची पिशवी घेतली आणि आम्ही वर आलो.

आता सीडीबद्दल. पांगच्या थांब्यावर काका पलीकडचे डोंगर टिपत होते आणि बस चित्राच्या कडेला होती. हॉलमध्ये तेव्हा चहा फिरत होता, म्हणून कोणाचं लक्ष गेलं नाही. दुपारी मला दिसलं. तुम्ही हातात लाडवांचा डबा घेऊन बसच्या मागच्या बाजूला येता. टाचा उंचावून शेवटच्या खिडकीतून आत पाहता. काचेवर हात ठेवता. बराच वेळ तसेच उभे आहात. मी आत आईवर वाकलेली असणार, मला ते कळलंच नाही. मग कोणीतरी हाक मारल्यासारखे तुम्ही वळता, आणि डबा उघडून चहा घेणाऱ्यांमध्ये जाता.

इतकी वर्षं मी तुमच्यासाठी एक सबब ठेवली होती. तुम्ही पुढे होतात, मागे येऊन पाहिलं नाहीत, तिची काय अवस्था आहे ते तुम्हाला कळलं नाही. आईशी तुमच्याबद्दल बोलताना, श्राद्धाच्या दिवशी पान वाढताना, मी तीच सबब धरून राहिले. आता तीही उरली नाही. तुम्ही पाहिलं होतंत. पाहून तुम्ही लाडू वाटायला गेलात. तुम्हाला दगडाचं काळीज असतं तर मला सोपं गेलं असतं. पण काचेवरचा हात दगडाच्या माणसाचा नव्हता, आणि म्हणूनच हे मला जास्त लागलं. तुम्हाला वाईट वाटत होतं आणि तरीही लोकांच्या तोंडचा एक चांगला शब्द तुम्हाला तिच्यापेक्षा महाग वाटला.

आईला हे दाखवणार नाही. तिनं पाहिलं तर ती तुमची बाजू घेईल, आणि ते मला ऐकवणार नाही. हे पत्र कुठे टाकायचा प्रश्नच नाही, तरी एक गोष्ट लिहून ठेवते. टाचा उंचावून तुम्ही खिडकीशी आलात तेव्हा, पुढे काय होणार ते मला माहीत असूनही, मी रिकाम्या खोलीत मोठ्यानं "अण्णा" म्हणाले. हाक मारल्यासारखं. आत या, असं म्हणायचं होतं बहुतेक. याचा मला अजून राग येतो आहे.

आई अजून उठलेली नाही. उद्याच्या बिरड्यासाठी भिजवलेल्या वालांना मोड आले आहेत. कोमट पाण्यात घालून मी ते आता सोलायला घेते.