मी काढलेली दुबार पाने

ती. अक्का,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आणि भावजींचा खोकला दोन्ही ताळ्यावर असतील अशी आशा करतो. (माझी छाती मात्र सकाळपासून धडधडते आहे. का, ते पुढे येईलच.)

तुझ्या लेकीने लॅटिन कवींवरच्या प्रबंधाच्या चार प्रती माझ्याकडे बांधणीला टाकल्या. गुरुवारी विद्यापीठात द्यायच्या, नाहीतर वर्ष गेले. मी सवयीने पाने तपासली. (चाळीस वर्षांत माझ्याकडून गिऱ्हाइकाकडे एकही दुबार पान गेलेले नाही.) मला लॅटिन येत नाही, पण अक्षरे जुळवायला अर्थ कशाला लागतो? एका पानावर जुन्या महाकवीच्या ओळी, आणि पुढच्या पानावर भलत्याच नावाखाली निम्मे शब्द तेच! टाइप करणाऱ्याला डुलकी लागली असेल म्हणून मी प्रत्येक प्रतीतून तेवीस पाने काढली आणि शिलाई मारून मोकळा झालो.

मग खळ वाळेपर्यंत तिचे मराठी वाचत बसलो आणि काय करून बसलो ते कळले. तो दुसरा कवी नंतरचा, देवादिकांच्या गोष्टी सांगणारा. त्याने थोरल्याचे, म्हणजे त्या महाकवीचे, शब्द मुद्दाम घेतले होते, कारण ऐकणाऱ्यांना थोरला तोंडपाठ! नायकाने सोडून दिलेल्या राणीच्या दुःखाला थोरल्याने अख्खा सर्ग दिला. याने तिला चार ओळींत गुंडाळले. उलट थोरल्याने जाता जाता सांगितलेली समुद्रातली राक्षसीण याने धरली आणि ती आधी साधी मुलगी होती इथपासून तिची लांबलचक कहाणी केली. म्हणजे थोरल्या भावाचा कोट उलटा घालून, अस्तर दाखवत, त्याच्याच ओळखीच्यांत मिरवायचे. काय हिंमत! आणि हे सगळे आपल्या पोरीने ओळीला ओळ लावून दाखवले आहे, तेही आठवीत शाळा सोडलेल्या मामाला कळेल असे. पुरावा तेवढा मी काढून टाकला.

शिलाई उसवतो आहे. भावजींना नमस्कार, पण यातले काही सांगू नकोस.

तुझा घाबरलेला
धाकटा

ता. क. : पत्र खरे तर एवढ्यासाठीच की ती उद्या प्रती पाहायला येणार आहे. तिला गुरुवारपर्यंत घरी अडकव. पोटात दुखते म्हण. (म्हणून पत्र टपालाने न टाकता दूधवाल्याच्या हाती देतो आहे.)

आणखी एक : दूधवाल्याच्या आधी तीच आली. फरशीभर पाने. "मामा, ही कुणी काढली?" मी उंदरावर ढकलले. "उंदीर लॅटिन शिकला वाटतं!" म्हणाली, आणि पाने मोजता मोजता शेवटच्या पानाशी थांबली. तिच्या जोड्या बावीसच होत्या. तेविसावे पान दुसऱ्याच प्रकरणातले. तिथेही थोरल्याचेच शब्द आहेत हे तिलाही दिसले नव्हते! आता ती त्यावर नवे पान लिहिते आहे आणि मी चारही प्रती नव्याने लावतो आहे. आभारात माझे नाव घालणार म्हणते. तिला नको म्हणून सांग. फार जोर मात्र लावू नकोस.