तीन बोटांच्या रेघा

अप्पा, तुम्ही गेल्यापासून मी तुमच्याशी मनातल्या मनातही बोलले नाही. बोलले असते तर एक गोष्ट सांगावी लागली असती. आज लिहायला बसले, कारण तुमचा आजार माझ्याकडे आला आहे. पन्नाशी उलटल्यावर आला. आधी कोपरावर रुपयाएवढा लाल डाग उठला, त्यावर अभ्रकासारखा पांढरा पापुद्रा. चष्मा लावून पाहिलं आणि एखाद्या माणसाला ओळखावं तसं त्याला ओळखलं. कचेरीतल्या बाईंनी विचारलं, काय भाजलं का. मी हो म्हणाले. खोटं बोलायला मी लवकर शिकले, ते कसं ते पुढे येईलच.

बीडकडच्या शिरूरच्या पेठेतलं आपलं कापडाचं दुकान, त्यातली पांढरी गादी, आणि शाळेआधी ती गादी झाडायचं माझं काम. फळ्या काढल्या की उन्हाचा एक पट्टा आत यायचा आणि त्यात तुमची कातडी तरंगताना दिसायची. कालच झाडलेलं असायचं, तरी आज पुन्हा मूठभर. तुम्ही दुकानात नसतानाही गादीवर तुम्ही असायचात. मला भीती वाटायची की असंच झडत राहिलात तर एक दिवस सगळेच्या सगळे सुपलीत याल. गिऱ्हाइकं तुमच्या हातून कापड मोजून घेईनात, आईला पुढे बोलवायची. महारोग म्हणायची, तेही हळू आवाजात, म्हणजे आपल्याला नक्की ऐकू जावं. शाळेत मी पाणी प्यायले की पोरी तो पेला राखेनं घासायच्या.

गावात केबल आली, शेजारी पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ निघाला, ते हेच दिवस. आपल्याकडेही फोन बसला. पण बाहेर तारेला तार चिकटायची आणि तो उगाचच वाजायचा. तुम्ही प्रत्येक वेळी टोपी सारखी करून उचलायचात आणि अदबीनं विचारायचात, "बोला, कोन बोलतंय?" पलीकडे नुसती खरखर. तरी तुम्ही लगेच ठेवायचा नाहीत. "कुनीतरी हाय, पन बोलंना," असं म्हणून वाट बघायचात. भर दुपारी, पेठेत चिटपाखरू नसताना, कानाला फोन लावून गप्प बसलेले तुम्ही मला अजून दिसता.

बीडच्या चामडीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, महारोग नाही, सोरायसिस आहे, कुणाला लागत नाही. आठवड्यातून एकदाच घ्यायच्या गोळ्या दिल्या, दर महिन्याला रक्त तपासायला या म्हणाले, आणि गुण यायला दोन-तीन महिने लागतील हेही बजावलं. परतीच्या एसटीत तुम्ही खिडकीपाशी बसून हसत होतात. मी तुम्हाला इतकं मोकळं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मी दुकानात लोखंडी गज घेऊन खेळत होते, तो तुमच्या हाताला ओरबाडून गेला, कोपरापासून मनगटापर्यंत. तुम्ही रागावलात. गज मोजायला असतो, नाचायला नसतो, एवढंच म्हणालात. ओरखडा चार दिवसांत वाळला. पण पंधरा दिवसांनी त्याच वाटेनं, कोपरापासून मनगटापर्यंत, तुमचा आजार उगवला, पेरल्यासारखा सरळ. डाग कुठे उठतो ते मला त्या दिवशी कळलं. जिथे खरवडलं जातं तिथे तो येतो. हे मी कुणाला सांगितलं नाही. आधी मार बसेल म्हणून, मग दुसऱ्याच कारणानं.

तुमची सकाळची पूजा मी रोज बघत होते. आंघोळ करून पाटावर बसायचात, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायचात, मग तीन बोटांनी भस्माचे पट्टे ओढायचात, कपाळावर, छातीवर, दोन्ही दंडांवर. गिऱ्हाइकांसमोर तुम्ही कधी खाजवलं नाही. मांडीखाली हात दाबून बसायचात. पण भस्म लावताना तुमची बोटं एकाच जागी किती वेळ फिरायची, किती जोरात, आणि तुमचे डोळे कसे मिटायचे, ते मला दिसत होतं. आई भक्ती समजायची. तुम्ही खाजवत होतात, अप्पा. मी लाजून तोंड फिरवायचे.

मग दंडांवर रेघा उठल्या. तीन-तीन, आडव्या, सारख्या अंतराच्या, लाल आणि वरून भस्मासारख्या पांढऱ्या. धुतल्या तरी जाईनात. लुगडं घ्यायला आलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं त्या पाहिल्या, हातातलं कापड खाली ठेवलं आणि गादीवर डोकं टेकलं. "शंभूनं सोताच्या हातानं लावलंय ह्ये," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी चारजण आले. सोमवारी तर दुकानापुढे चपलांची रास. ज्यांनी तुमच्या हातचं कापड नाकारलं होतं ते तुमच्या दंडाला बोट लावून ते कपाळाला लावू लागले. मी झाडून गोळा केलेली कातडी एक बाई पुडीत बांधून मागू लागली. मी दिली. शाळेत माझ्या शेजारी बसायला पोरी भांडल्या आणि माझा पेला कुणी घासला नाही.

तोवर गोळ्यांना गुण येत होता. गादी झाडायला कमी लागे. आणि रेघा पुसट होऊ लागल्या. येणाऱ्यांचे चेहरे पडू लागले. एका दुपारी दुकानात आपण दोघंच होतो. फोन वाजला, तुम्ही उचलला, खरखर ऐकली, ठेवला. मग माझ्याकडे बघून विचारलंत, "पोरी, तू रोज बघतीस मला. खरं सांग. देवानंच वढल्यात का गं ह्या रेघा?"

तुम्ही आईला विचारलं नाही, मठातल्या स्वामींना विचारलं नाही, मला विचारलंत. माझ्या तोंडात गजाची गोष्ट आली होती. पेल्याचीही आली. मी म्हणाले, "व्हय, अप्पा. देवानंच."

"मग डागदराच्या गोळ्यानं काहून पुसू मी त्या?" तुम्ही म्हणालात, आणि गोळ्यांची बाटली वरच्या फळीवर, जुन्या ताग्यांमागे ठेवलीत.

थंडीत तुम्ही एकाच आठवड्यात नखशिखांत लाल झालात. सगळं अंग गरम आणि तुम्ही मात्र चार गोधड्यांखाली कुडकुडत. सगळंच लाल, त्यात रेघा कुठल्या कुठे बुडून गेल्या. बीडला नेईपर्यंत ताप डोक्यात गेला होता. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. आंघोळ घालायला बसवलं, तेव्हा अंगाची लाली ओसरली होती आणि दंडांवर तीन-तीन रेघा पुन्हा वर आल्या होत्या, पहिल्यापेक्षा ठळक. बायका रडायच्या थांबल्या. आपल्या रीतीप्रमाणे तुम्हाला बसवून नेलं, बसवूनच पुरलं, मीठ आणि भस्म घालून. महिन्याभरानं दुकान उघडलं आणि मी एक तागा उलगडला, तर घडीघडीतून तुम्ही भुरभुरलात. मी दुकानातून पळाले आणि त्या गादीवर पुन्हा पाय ठेवला नाही.

आता माझी गोष्ट. बीडची माझी डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची आहे. तिनं चिठ्ठीच्या मागे गोल काढून समजावलं. अंगात रोगाशी लढणारी फौज असते. आत एक निरोप फिरतो, की शत्रू आला. शत्रू नसतोच. तरी फौज कातडीकडे धावते आणि महिन्याभरात व्हायची कातडी चार-पाच दिवसांत तयार होऊन गळते. पूर्वीच्या गोळ्या सगळ्या फौजेलाच दमात घ्यायच्या. नवं इंजेक्शन फक्त तो एक निरोप मधल्या मध्ये अडवतं. पलीकडे कुणी नसताना वाजणारा फोन मला तिला सांगावासा वाटला, पण ती घाईत होती. क्षयाची तपासणी, छातीचा फोटो, रक्त, सगळं झालं आणि महिन्याचं इंजेक्शन सुरू झालं. तिसऱ्या महिन्यात माझी कातडी कोरी झाली. मी आरशासमोर रडले. तुमच्यासाठी एवढं एक सुईभर औषध त्या काळी जगात कुठेही नव्हतं, हे मी स्वतःला समजावते. पण गोळ्या होत्या, अप्पा, आणि त्या लागू पडल्या होत्या.

डॉक्टर म्हणाली, डाग गेला तरी त्या जागी काही पेशी मागे बसून राहतात, जागा लक्षात ठेवून. औषध उतरलं की आजार पहिल्यांदा तिथेच उठतो. माझा पहिल्यांदा डाव्या दंडावर उठतो. तीन रेघा, आडव्या, सारख्या अंतराच्या. तिनं बारकाईनं बघून विचारलं, इथे काही घासलं होतं का. मी नाही म्हणाले.

घासलं होतं. आजार आला त्याच महिन्यात तुमची भस्माची डबी काढली, दार लावलं आणि तुमच्यासारखी, तेवढ्याच जोरानं, कातडी झोंबेपर्यंत तीन बोटं फिरवली. त्या दुपारी मी तुम्हाला जे म्हणाले ते कदाचित खरंही असेल, असा एक वेडा आधार मला हवा होता. काही उठलं नसतं तर देवानं फक्त तुम्हालाच निवडलं असं म्हणता आलं असतं. पंधराव्या दिवशी रेघा आल्या. देवाचा त्यात हात नव्हता. माझाच होता. तुमच्या रेघा तुमच्या बोटांच्या होत्या, त्या देवाच्या ठरवल्या मी.

हे पत्र तुमच्या डबीत ठेवणार आहे, ते कुठे पाठवायचं ते मला ठाऊक नाही. आणखी एक सांगते, मुलीला सांगितलेलं नाही. या महिन्याचं इंजेक्शन फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्यामागे आहे. तारीख उलटून नऊ दिवस झाले. आज सकाळी दंडावर तीन रेघा लालसर दिसल्या, मी त्यांवर माझी तीन बोटं ठेवली आणि ती बरोबर बसली. इंजेक्शन उद्या घेईन म्हणते. काल आणि परवाही हेच म्हणाले होते.