तीन नंबरची कॉइल

प्रिय धांदरटे,

आता तुला सूनबाई म्हणायचं की नाही, हे कोर्टानं काही सांगितलेलं नाही. म्हणून तुझं जुनंच नाव चालवते. सकाळपासून लिहायला बसते आणि उठते. मध्येच गॅस पुसून काढला, स्वच्छ असलेला. मग खिडकीतून खाली गाडी उभी आहे ना ते पाहिलं. ती कुठं पळून जाणार आहे? पण पाय एका जागी ठरत नाहीत बघ.

गाडी म्हणजे तुझीच, लाल. जाताना किल्ली माझ्या मुठीत कोंबून म्हणालीस, "आई, ही तुमच्याकडेच राहू दे, मला नव्या घरी पार्किंग नाही." पार्किंग होतं, हे मला नंतर कळलं. आमचे चिरंजीव अधूनमधून म्हणतात, "विकून टाक गं, कशाला पांढरा हत्ती पोसतेस?" मी म्हणते, लाल आहे, पांढरा नाही. मग ते जेवायला बसतात. तो बरा आहे. तुझं नाव निघालं की टीव्हीचा आवाज वाढवतो, एवढंच.

तर गेल्या आठवड्यात या हत्तीनं असहकार पुकारला. पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर गाडी आचके द्यायला लागली. सिग्नलला उभी केली की अशी थरथरायची, जणू हुडहुडी भरलीय. मागून पेट्रोलचा वास, आणि समोर तो पिवळा इंजिनाचा दिवा डोळे मिचकावतोय. मागचे लोक हॉर्न वाजवून माझा उद्धार करत होते. मला वाटलं, पेट्रोलमध्ये भेसळ असेल. दुसऱ्या पंपावर भरून पाहिलं, पण पहिले पाढे पंचावन्न.

गॅरेजवाल्याकडे नेली, तर तो उजवा हात प्लास्टरमध्ये घालून स्टुलावर बसलेला. जिन्यावरून पडला म्हणे. त्याचा जोडीदार गावाला गेलेला. "काकू, चार दिवस थांबा," म्हणाला. मी म्हटलं, थांबायला वेळ नाही, तुझा हात मोडलाय, माझे दोन्ही शाबूत आहेत. तू सांग, मी करते. तो हसला. मी पर्स खुंटीला अडकवून पदर खोचला, तेव्हा हसायचा थांबला.

डाव्या हातानं त्यानं बिघाड दाखवणारा स्कॅनर लावला. इंजिनाच्या चार सिलिंडरांपैकी तीन नंबरचा पेटतच नव्हता. चार जणांनी उचलायचं ओझं तिघं ओढत होते, म्हणून थरथर. आता ठिणगी पाडणारा प्लग बिघडला, की त्या प्लगला जोराची वीज देणारी कॉइल, की पेट्रोलच नीट येत नव्हतं? तो म्हणाला, "एक कॉइल काढून दुसऱ्या जागी लावून बघू. दुखणं कॉइलबरोबर गेलं, तर कॉइलच चोर." मला लगेच पटलं. शिवणाच्या वर्गात आयुष्यभर मी मुलींना हेच सांगत आले की मशीन टाके सोडायला लागलं तर एका वेळी एकच गोष्ट बदला, आधी सुई, मग दोरा. सगळं एकदम बदललंत तर चूक कुठं होती ते कधीच कळत नाही.

इंजिन निवू दिलं, बॅटरीची वायर सोडवली. कॉइलवर वायरीचा एक प्लॅस्टिकचा चाप असतो, इंजिनाच्या धगीनं कडक झालेला. मी तो ओढायला लागले तर गॅरेजवाला ओरडला, "हळू, काकू! सासूवरचा राग काढताय काय?" मी म्हटलं, बाबा रे, सासू मीच आहे. पुढं बराच वेळ तो बेतानं बोलत होता.

बोल्ट काढला, कॉइल जराशी फिरवून वर ओढली. तीनची दोनच्या जागी, दोनची तीनच्या जागी. वायर जोडून गाडी चालू केली, आणि स्कॅनरवर आता दोन नंबर रुसलेला! मी टाळीच वाजवली. तरी त्यानं प्लगही काढून पाहायला लावला. तो ठीक होता. कॉइलच्या खालच्या रबरी नळीला मात्र केसाएवढी चीर होती. तिथूनच वीज बाहेर निसटत होती, असं तो म्हणाला.

नवी कॉइल यायला संध्याकाळ झाली. तोवर मी त्याच्या दुकानात येरझाऱ्या घातल्या. शेवटी तो कंटाळून म्हणाला, "काकू, एवढं जायचंय तरी कुठं?" मी म्हटलं, जवळच. खोटं बोलले. नवी बसवली, तळाशी टक्क झाल्याचं बोटांना कळलं. बोल्ट बेतानंच आवळला. टाकीचा चढ गाडीनं असा घेतला की मलाच धाप लागली. पिवळा दिवा गप्प. हात धुतले तरी काळे राहिले होते. चिरंजीवांनी विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, मेंदी. तो घरी आहे, पोटभर जेवतोय, त्याची काळजी करू नकोस.

आता खरं सांगते. तुझ्या ऑफिसातली ती उंच मैत्रीण दातांच्या दवाखान्यात भेटली. तिला वाटलं, मला माहीतच असणार. गाठ आहे, गुरुवारी ऑपरेशन आहे, आणि तू टॅक्सीनं एकटी जाणार आहेस, हे मला तोंडात बोळा असताना कळलं, म्हणून ओरडता आलं नाही. फोन केला तर "बरी आहे मी" म्हणून ठेवून देशील. म्हणून हे पत्र तिच्याच हातून पाठवतेय. बुधवारी दुपारी मी निघते. पिशवी भरलेली आहे. नको म्हणू नकोस, आणि म्हणालीस तरी मी येणारच. तुझी आई असती तर तिनं केलं असतं ते सगळं मला जमेलच असं नाही. पण ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर बाहेर येऊन विचारतात, "यांच्याबरोबर कोण आहे?" तेव्हा बाकावरून कुणीतरी उठावं लागतं. मी उठेन.

तुझीच,
आई