उसवलेल्या दोन ओळी

शनिवार, संध्याकाळचे सहा

परवा नवनगरला शिवण शिकवणाऱ्या सुमानं माझं मधलं बोट धरून त्यात चामड्याची कडी चढवली, तेव्हाच माझं सगळं बदललं. कडीची चकती तळहातावर येते, तिनं लांब सुई रेटायची. जपानी पद्धत म्हणे, बोटं दुखत नाहीत. खरंच दुखत नाहीत. पण तिनं बोट धरलं होतं ते अजून जाणवतंय, त्याचं काय करू?

वर शिवायला एक रुमाल हातात देऊन म्हणाली, "कॉलेज अर्धं सोडलंस, हेही सोडशील. शनिवारी सातला रुमाल पुरा करून आण, मग बोल माझ्याशी."

दुपारीच पुरा झाला होता. पण शेवटच्या दोन ओळींना चुण्या पडल्या. दुकानात कापडाचे गठ्ठे आवळायची सवय, दुसरं काय! साधा धावदोरा, तोही करकचून ओढला. थोरला अण्णा हसला, "याकप्पा, का रे बाबा, कौद्या-गोधड्या शिवायला बसलास काय? चालतंय की, कोण बघतंय!"

ती बघणार आहे ना! डोकं फिरलं, अण्णावर की माझ्यावर, कळलं नाही. जेवतानाही कडी काढली नव्हती, तसाच बसलो आणि दोन्ही ओळी उसवल्या. आता एक परत घातलीय, सैल आणि सरळ. नवनगरला पोचायलाच तास जातो, दुसरी सातपर्यंत होत नाही.

चुण्यांसकट न्यायला हवा होता का? नाही. अपुरा आहे हे मीच तिला सांगणार आणि उरलेली ओळ तिच्यासमोर घालणार. आत घेतलं नाही तर पायरीवर बसून घालीन. वही मिटतो, दार ओढून घेतो आणि निघतो.