दक्षिणेकडची पन्हळ

ओबरहाल्डेन,
बटाटे काढून झाल्यानंतरचा रविवार

तीर्थस्वरूप वाल्बुर्गा आत्याबाईंच्या चरणी, भाचेसून आफ्राचा या डोंगरावरून निघून थेट समुद्रापर्यंत पोचेल असा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात डॅन्यूबच्या मुखावरच्या तुमच्या सुलिनाच्या दमट हवेला तुम्ही जी नावं ठेवली होतीत ती वाचून मला फार बरं वाटलं. माणूस नावं ठेवतोय तोवर त्याची तब्येत उत्तम असते, असं आमच्या आईचं म्हणणं होतं. (ती स्वतः शेवटपर्यंत ठणठणीत होती.) तुम्ही पाठवलेला खारवलेला मासा पोचला. पोस्टमनने तो हात लांब करून, तोंड दुसरीकडे वळवून दिला, आणि पुढचे दोन दिवस खाणावळीत येणारा प्रत्येक जण 'आज काय वेगळं शिजतंय?' असं विचारत होता. तुमच्या भाच्याने तो मासा कुणाला न देता एकट्याने संपवला. डोळ्यांत पाणी आणून संपवला. ते आठवणीने आलं की मिठाने, हे मी विचारलं नाही. बाकी इकडे सगळं ठीक आहे. छप्पर जागेवर आहे. छपराचा विषय निघालाच आहे तर... पण नको, आधी बाकीचं सांगते.

सफरचंदं यंदा इतकी आली की शेजारीपाजारी आम्हाला पाहून दारं लावून घेतात, कारण आम्ही टोपली घेऊनच येणार हे त्यांना माहीत असतं. पाद्रीबाबांना नवा दात बसवलाय, त्यामुळे प्रवचनात शिट्टी वाजते आणि मुलं पहिल्यांदाच लक्ष देऊन ऐकतात. जिना झाडायची पाळी या आठवड्यात माझी होती आणि मी ती पार पाडली. (वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूने पांढरा रुमाल घेऊन कठडा पुसून पाहिला. मी खिडकीतून त्याला हात केला.) झालं, एवढंच होतं बाकीचं. आता छपराकडे वळावंच लागेल.

तुम्हाला आठवत असेल, उन्हाळ्याच्या सुरुवातीला आम्ही बोलावणं पाठवलं होतं. गावाने आपल्या खाणावळीसमोर दगड बसवायचं ठरवलं होतं: 'युरोपचं पाणी इथे दुभंगतं'. तुम्ही उलट टपाली कळवलंत की तुम्ही येणार नाही, घरचं पाणी रोज तुमच्या दारावरून जातं, त्याला तुम्ही रोज सकाळी नमस्कार करता, मग तुम्हाला इतक्या लांब यायची गरज काय. तुमच्या भाच्याने ते वाक्य सगळ्या गावाला वाचून दाखवलं. त्याची आवडती कथा त्यामुळे पुरी झाली ना! ती कथा तुमच्या लहानपणीही हीच होती म्हणतात, फक्त तेव्हा शेवटी तुमच्या दाराऐवजी काळा समुद्र असायचा. आढ्यावर पूर्वेकडे तोंड करून कावळा बसला, तर त्याच्या डाव्या पंखाचं पाणी उत्तरेच्या पन्हळीतून नेकार नदीला, तिथून ऱ्हाइनला आणि रॉटरडॅमपाशी समुद्रात. उजव्या पंखाचं पाणी दक्षिणेच्या पन्हळीतून डॅन्यूबला, आणि तिथून आमच्या आत्याच्या दारात. खाणावळीचं नावच 'दोन समुद्र', तेव्हा ही कथा सांगितल्याशिवाय इथे मसुराची आमटीसुद्धा कुणाला मिळत नाही. ती ताटात निवून जाते, पण कथा पुरी होते.

आता तुमचा भाचा कसा आहे हे तुम्हाला सांगायला नको. (एरवी तो माझा नवरा आहे, पण या पत्रापुरता तो तुमचा भाचा.) आपल्या या डोंगरावर पाण्याची टंचाई पहिल्यापासूनची, त्यात जात श्वाबी, काटकसरीची. आपल्यातला माणूस घर जळताना पाहील, पण गळका नळ त्याला पाहवत नाही. गेल्या वसंतात हा मला म्हणाला, "आफ्रा, गिऱ्हाइकांच्या संडासात आपण पिण्याचं पाणी ओततोय आणि वरून पडणारं फुकटचं पाणी परदेशी पाठवतोय. कोण शहाणा असं करतो?"

मी म्हटलं, "तुझे वडील, तुझे आजोबा, तुझे पणजोबा."

"त्यांच्या संडासाला नळ कुठे होता?" हा म्हणाला, आणि मागच्या बागेत टाकी पुरून मोकळा झाला. दक्षिणेची पन्हळ त्याने टाकीला जोडली आणि टाकी संडासाला. अगदीच बेइमान नाही हो तो. त्याने मध्ये एक खटका बसवला. पाहुण्यांची गर्दी असली की खटका वर करायचा, म्हणजे पाणी पूर्वीसारखं ओहळात पडायचं, लोक टाळ्या वाजवायचे, फोटो काढायचे. गर्दी ओसरली की खटका खाली. म्हणजे आत्याबाई, उन्हाळाभर काळा समुद्र फक्त शनिवार-रविवार चालू होता.

दगडाच्या समारंभाला जिल्ह्यातून मंडळी आली, बँड आला, रॉटरडॅमहून बंदरखात्याच्या एक बाई आल्या. काळ्या समुद्राच्या वतीने एक खुर्ची मोकळी ठेवली होती. तिच्यावर मांजर बसलं. आणि पाण्याचा अभ्यास केलेली डॉक्टर थेक्ला म्हणून एक मुलगी आली होती, बूट चिखलाचे, केस विस्कटलेले, हसरी. पाऊस अर्थातच नव्हता. म्हणून सरपंच ओटमार अग्निशामक दलाच्या शिडीवरून आढ्यापर्यंत चढले आणि एका बादलीतलं बिटाचं लाल पाणी त्यांनी उत्तरेला ओतलं. खाली भळाभळा लाल धार आली, बँड वाजला, रॉटरडॅमच्या बाईंनी तिच्यात बोट बुडवलं. मग सगळी गर्दी वळसा घालून दक्षिणेला गेली. सरपंचांनी केकवाल्याकडचा निळा रंग घातलेली बादली ओतली. सगळे खाली बघतायत. काही नाही. सरपंचांनी दुसरी बादली मागवली, तीही ओतली. काही नाही. बँडवाल्यांनी वाद्यं तोंडाला लावून ठेवली होती, त्यांचे गाल दुखायला लागले.

तुमच्या भाच्याला त्या दिवशी टाय बांधता येईना, त्या गडबडीत खटका खालीच राहिला होता! मी त्याच्याकडे पाहिलं तर त्याचा चेहरा चुन्यासारखा. तो म्हणाला, "लांबचा पल्ला आहे, वेळ लागतो." सरपंच शिडीवरच अडकलेले, त्यांनी भाषण सुरू केलं. युरोपच्या एकजुटीवर बोलता बोलता ते खतांच्या भावापर्यंत आले, तेवढ्यात रॉटरडॅमच्या बाई (त्या मधेच आत जाऊन आल्या होत्या) आनंदाने हात हलवत बाहेर आल्या.

"किती सुंदर कल्पना!" त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या. "आमचा समुद्र अंगणात, आणि काळा समुद्र तुम्ही संडासात ठेवलाय!"

पुढचं मी लिहीत नाही. सगळा गाव रांग लावून आत जाऊन बघून आला. काही जण दोनदा गेले. (त्या दिवशी टाकी पार रिकामी झाली. फुकटचं पाणीही कधी इतकं वापरलं जाऊ नये.)

इथवर गोष्ट संपती तर मी हसत हसत लिहून मोकळी झाले असते. पण डॉक्टर थेक्ला हसून झाल्यावर घराच्या मागे गेली. तिने खटका वर केला, पाण्याची बादली ओतली, आणि ओहळाच्या कडेकडेने कुरणात उतरली. आम्ही तिच्या मागे. जुन्या अल्डरच्या झाडाखाली जी खळगी आहे ना, जिथे लहानपणी तुमची लाकडी चप्पल हरवली असं मामंजी सांगायचे, तिथे पाणी एकदा गुडगुडलं आणि जमिनीत गडप झालं.

"इथून पुढे कुठे जातं?" तिने विचारलं.

"डॅन्यूबला," तुमचा भाचा म्हणाला.

"कुणी पाहिलंय?"

"आजोबांनी सांगितलंय."

ती चांगली मुलगी आहे, या उत्तरावर ती हसली नाही. म्हणाली, हा सगळा डोंगर चुनखडीचा, आतून पोखरलेला, आत पाणी कुठे वळेल सांगता येत नाही. तुमची हरकत नसेल तर बघू. तिने थैलीतून तपकिरी पूड काढून खळगीत टाकली, त्याबरोबर पाणी असं हिरवंगार झालं की गायी मागे सरल्या. निरुपद्रवी असते म्हणाली. मग ती गेली, आणि आम्ही विसरलो.

पुढल्या आठवड्यात उंटरहाल्डेनचा ब्लासिउस ट्रॅक्टर घेऊन दारात. ब्लासिउस म्हणजे उत्तरेच्या उतारावर खाली ज्याची खाणावळ आणि ट्राउटचं तळं आहे तो, आणि ज्याच्याशी आपल्या घराचं तीन पिढ्यांचं वाकडं आहे तो. ट्रॅक्टरवरूनच ओरडला, "गेबहार्ट! बाहेर ये! माझ्या तळ्याचं काय केलंस? मासे हिरवे दिसतायत, गिऱ्हाईक म्हणतं पालक आहे का!"

"मी काय केलं? माझं उत्तरेचं पाणी स्वच्छ आहे!"

"माझा झरा हिरवा झालाय, झरा!"

तुमच्या भाच्याने मागच्या कुरणाकडे पाहिलं. ब्लासिउसला कारण मी सांगितलं. तो ऐकत गेला, ऐकत गेला, आणि मग इतका हसला की ट्रॅक्टर बंद पडला. "म्हणजे पुढच्या दाराचंही पाणी मला, आणि मागच्या दाराचंही मलाच? आणि तुम्ही माझ्याशी बोलत नव्हतात! अरे, एवढं तर सख्खा भाऊ देत नाही!" मग तो खाली उतरला, बिअर प्यायला, तीन पिढ्यांत पहिल्यांदा आपल्या टेबलावर बसला. (बिअरला त्याने नावं ठेवली, पण दुसरी मागितली.)

डॉक्टर थेक्लाने नंतर येऊन सगळं समजावलं. दगड आहे तिथेच राहील. जमिनीच्या वरून बघितलं तर रेघ आपल्याच आढ्यावरून जाते. पण जमिनीच्या पोटात पाणी स्वतःच्या मर्जीने वळतं आणि मागे फिरून उत्तरेला निघतं. ब्लासिउसच्या तळ्यातून नेकार, नेकारमधून ऱ्हाइन. वरची रेघ तरी राहिली म्हणून खाणावळीचं नाव बचावलं. गिऱ्हाइकं उलट वाढलीत, निळा संडास बघायला येतात, तुमचा भाचा रंग टाकून ठेवतो.

पण आत्याबाई, जे सांगायला मी कागद घेतला ते हेच. आपल्या घराचा एक थेंबही तुमच्यापर्यंत कधी आला नाही. तुम्ही इतकी वर्षं रोज सकाळी ज्याला नमस्कार केलात ते उल्मचं पाणी होतं, व्हिएन्नाच्या भांड्यांचं, बुडापेस्टच्या आंघोळीचं, बेलग्रेडच्या पावसाचं. तीही भली माणसं असतील, पण आपली नव्हेत.

तुमचा भाचा त्या दिवसापासून कथा न सांगताच आमटी वाढतो. मामंजी हयात असताना पहिली पानगळ झाली की ते स्वतः शिडी लावून दक्षिणेची पन्हळ साफ करायचे. उत्तरेची गड्यांकडून. मी नवी सून, मी एकदा विचारलं तर म्हणाले, "तिकडे तुंबून चालत नाही." तुम्ही रेगेन्सबुर्गच्या धक्क्यावरून तुमच्या यजमानांच्या, पान्तेलीच्या गलबतावर चढलात, सगळं जग पूर्वेकडून पश्चिमेकडे पळत होतं आणि तुम्ही एकट्या उलट्या निघालात, तेव्हा ते रागाने तुम्हाला काय बोलले हे मला ठाऊक आहे. सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण पन्हळीतली पानं ते हाताने काढायचे, हे तुम्हाला कुणी कळवलं असेल असं वाटत नाही. आता ती पन्हळ टाकीपासून सोडवलीय. पाणी भलतीकडे जातं हे माहीत असूनही तुमचा भाचा परवा शिडी लावून वर चढला होता. मी खाली शिडी धरून उभी होते.

गुडघ्याला ऊब द्या. मांजराला खरकटा मासा देऊ नका. सगळ्यांचा नमस्कार.

तुमची,
आफ्रा

ता. क. तुमच्या त्या आंबट माशाच्या साराची कृती कळवा. ब्लासिउस रोज मासे आणून देतोय, आणि नाही म्हटलं तर पुन्हा वाकडं यायचं.

ता. क. तळमजल्यावरची दक्षिणेची खोली रंगवून घेतलीय. जिना चढावा लागणार नाही. कुणासाठी, असं मला विचारलंत तर मी सांगणार नाही, कारण मला सक्त ताकीद आहे. हे पत्र मी लिहिलेलंच नाही असं समजा.

ता. क. तुमचा भाचा आज सकाळी निघाला. तुम्हाला पाण्याचं स्वतः सांगणार आणि घेऊनच येणार म्हणतो. स्वस्तात स्वस्त तिकिटं काढून जागोजागी गाड्या बदलत येतोय, तेव्हा पत्र आधी पोचेल. तुम्ही ऐकून दचकल्याचं नाटक करा, त्याने आठवडाभर गोठ्यात तालीम केलीय. त्याच्याकडे तीन भाषणं आहेत. पहिलं तुमच्या गुडघ्यावर. दुसरं घराच्या वाटणीवर, फार कंटाळवाणं आहे. तिसरं अगदी लहान आहे आणि ते त्याचं नाही, मामंजींचं आहे. शेवटच्या आजारात त्यांनी ते याच्याकडून पाठ करून घेतलं होतं आणि समोरासमोरच सांग म्हणून बजावलं होतं. इतकी वर्षं याला धीर झाला नाही. मलाही शब्द माहीत नाहीत, गोठ्यात तो तिथवर आला की दार लावून घेतो. म्हणून विनंती एवढीच, की पहिल्या दोन भाषणांना साफ नाही म्हणा. एकावर काम झालं तर तो उरलेली दोन वाचवून परत घेऊन येईल.