पुढे मी, शेपटीला बाबा

१२ ऑक्टोबर, रविवार

आजच्या फेरीला सहा जण आले आणि सहाही घाबरट! एका काकांनी गाडीवर चढायच्या आधी चष्मा काढून खिशात ठेवला. म्हटलं, काका, आपण शहर बघायला निघालोय. मग घातला.

रोजचं भाषण दिलं. दोन चाकं, मधे उभं राहायला पाट, समोर दांडा. पुढे झुकलं की चालते, मागे झुकलं की थांबते. आणि शेवटी ठरलेलं वाक्य – जिकडे जावंसं वाटतं तिकडे आपलं अंग नकळत कलतं आणि गाडी तिकडेच वळते, हिच्यापुढे मनात एक आणि अंगात एक चालत नाही. लोक हसतात. पहिल्या वळणावर त्यांना पटतं.

नदीकाठी धुकं होतं. गाड्या विजेवरच्या, त्यामुळे आवाज जवळजवळ नाहीच. जमिनीपासून वीतभर वर उभं राहायचं, पाय हलवायचे नाहीत, आणि झाडं आपली आपण मागे सरकत राहतात. पुढचा माणूस धुक्यात विरघळतो आणि दिव्याच्या खांबापाशी पुन्हा जमून येतो. तीन वर्षं झाली, मला अजून हे जागेपणीचं वाटत नाही. आणि याचे लोक पैसे देतात!

पुढे मी, शेपटीला बाबा. चौक ओलांडला की मी उजवा हात वर करते आणि हेडसेटमध्ये विचारते, "बाबा, मागे?" लगेच कानात येतं, "सगळे. चल." आयुष्य बसच्या कंडक्टरकीत गेलं, आता निवृत्त झाले तरी माणसं मोजायची खोड जात नाही. आज चष्मेवाल्या काकांना सांगत होते, "बसच्या शेवटच्या टोकाला उभा राहून नुसती ड्रायव्हरची पाठ बघायचो. आज हा घरी भांडून आलाय, एवढं कळायचं."

एक टोपीवाल्या बाई होत्या. इमारतींकडे कमी आणि माझ्याकडेच जास्त बघत होत्या.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

टोपीवाल्या बाई गाळ्यावर आल्या. एकट्याच. गाड्या चार्जिंगला लावत होते, तर स्टूल ओढून समोर बसल्या आणि सरळ मुद्द्याला हात. समुद्राकाठच्या शहरात त्या अशाच फेऱ्या सुरू करतायत. वीस गाड्या, लांबच लांब किनारा, आणि सांभाळायला कुणी नाही. "तू ये. रस्ते तू ठरव, माणसं तू निवड."

मी विचार करते म्हणाले. विचार कसला! तेव्हापासून डोळ्यांपुढे समुद्र आहे. ओल्या वाळूच्या कडेने वीस जण रांगेने, कुणाचाही पाय जमिनीला नाही.

रात्री जेवताना बाबांना सांगायचं ठरवलं होतं. ते म्हणाले, भेंडी जरा करपली. मी म्हटलं, हो. झालं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

नाही सांगितलं.

१९ ऑक्टोबर, रविवार

सांगितलं! पण कसं सांगितलं ते लिहायलाही लाज वाटते.

शेवटची फेरी संपली, लोक गेले, आम्ही दोघं चौकातून गाळ्याकडे निघालो. रोजच्यासारखी मी पुढे, बाबा मागे चांगलेच लांब. संध्याकाळचा पिवळा उजेड पडला होता, दुकानांच्या काचांतून आम्हीच सरकत होतो. समोर तोंड नसलं की बोलता येतं. मी हेडसेटमध्ये सगळं ओतलं. समुद्र, वीस गाड्या, बाई. आई गेल्यापासून घरात आपण दोघंच, तुम्हाला एकटं टाकून जायचं जिवावर येतं, हेही. आणि तरी जावंसं वाटतं, हेही. शेवटी विचारलं, "बाबा, मी जाऊ का?"

कानात नुसती खरखर.

पूल संपला. तिथे डावीकडे स्टेशन, उजवीकडे आमचा गाळा. मी सवयीने हात वर केला, आणि कानात आवाज आला, "सगळे. चल." दोघंच होतो, तरी सगळे!

गाळ्यात शिरल्यावर हेल्मेट काढत म्हणाले, "तुझ्या गाडीची हवा बघतो उद्या. पुलापाशी डावीकडे ओढते." एवढंच.

२२ ऑक्टोबर, बुधवार

तीन दिवस वाट बघितली. एक शब्द नाही. चहा करतात, पेपर वाचतात, टीव्ही मोठ्याने लावतात, शिट्टी वाजवत गाड्या पुसतात. मी आयुष्याची गाठ सोडायला दिली आणि यांना टायरची हवा!

राग आला आहे. खूप आला आहे. आणि रागाच्या खाली रडू आहे, ते येऊ देत नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

स्वप्न. मी घरातच गाडीवर उभी. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत, तिथून गॅलरीत, भिंती वाट देत होत्या. आई ओट्याशी होती. तिने मागे न बघता विचारलं, "मागे कोण आहे?" मी वळून बघितलं तर मागे नुसती रिकामी गाडी, स्वतःच्या तोलावर उभी, माझ्या मागून येणारी.

उठले तेव्हा बाबा दूध तापवत होते.

२७ ऑक्टोबर, सोमवार

बाईंना हो म्हटलं. डिसेंबरपासून.

फोन ठेवल्यावर आनंद व्हायला हवा होता. झाला, पण अर्धा. ज्याला काही वाटतच नाही त्याचं वाईट कशाला वाटून घ्यायचं, असं स्वतःला बजावलं. स्वतःला बजावलेलं कधी खरं असतं का?

२९ ऑक्टोबर, बुधवार



मोठा चौक. मी ओलांडून पुढे गेले, मागचे आठ जण थांबलेले. वळणावरून अँब्युलन्स येताना दिसली. माझे दोन्ही हात दांड्यावर होते. हेडसेटमध्ये ओरडले, "बाबा, थांबवा! कुणाला सोडू नका!" आणि बाबांनी शिट्टी मारली, "चला, चला, मोकळं आहे!"

अँब्युलन्सवाल्याने करकचून ब्रेक दाबला. कुणाला काही झालं नाही. नशीब. निळ्या स्वेटरच्या बाई गाडीवरून उतरल्या आणि पुन्हा चढायलाच तयार होईनात. त्यांना पायीच परत आणलं.

बाबा म्हणाले, "माझं लक्ष नव्हतं." खाली बघून म्हणाले. बाबांचं लक्ष नव्हतं? गर्दीच्या बसमध्ये कोणी तिकीट काढलं नाही हे वासावरून ओळखणाऱ्या माणसाचं?

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

आज मुद्दाम केलं. लोक पुतळ्यापाशी फोटो काढत होते, बाबा पलीकडे कबुतरं बघत उभे. मी पाठ फिरवून हेडसेटमध्ये हळूच म्हटलं, "बाबा, गाळ्याला आग लागलीय." वळून बघितलं. कबुतरं. पुन्हा म्हटलं. बाबांनी खिशातून शेंगदाणे काढले आणि कबुतरांना टाकले.

मग हात वर केला, तोंडाने काहीच बोलले नाही. कानात लगेच, "सगळे. चल."

म्हणजे ते माझा हात बघून उत्तर देतात. कधीपासून कोण जाणे! म्हणजे त्या दिवशी मी जे काही बोलले, ते सगळं त्या पिवळ्या उजेडात वाहून गेलं. बाबांनी त्यातलं काहीच ऐकलं नाही. आणि मी नऊ दिवस त्यांच्यावर रागावून बसले. आणि वर बाईंना हो म्हणून मोकळी!

३ नोव्हेंबर, सोमवार

बाबा आंघोळीला गेल्यावर त्यांचा हेडसेट पळवला आणि रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने उघडला, फुंकर मारली. म्हणाला, "बोलायचं चालू आहे, ऐकायचं बंद. आतली तार सडलीये. पाणी गेलं असेल, झाले असतील की महिने. वापरणाऱ्याला कळलं कसं नाही?"

घरी येऊन टेबलावर ठेवला. बाबांनी बघितला आणि खुर्चीत बसले.

"मला वाटलं कानच गेला," म्हणाले.

"अहो, पण घरी ऐकू येतं ना तुम्हाला?"

"घरी तू ओरडूनच बोलतेस."

मला हसू आलं आणि ते आवरेना, मग ते रडण्यावर गेलं, बाबा गोंधळून पाण्याचा ग्लास घेऊन उभे. विचारलं, बोलला का नाहीत? म्हणाले, "तू म्हणाली असतीस, बाबा आता घरी बसा. घरी बसून काय करू? भिंती मोजू?"

मी त्यांच्यावर ओरडले. अँब्युलन्सवरून. खूप ओरडले. काही झालं असतं तर? ते हेडसेट हातात फिरवत होते. शेवटी म्हणाले, "चुकलो. हे मात्र कानाने ऐकलं."

आता सगळं पुन्हा सांगायला हवं. या वेळी ऐकू येणाऱ्या माणसाला. आज जमलं नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

नवीन तार, नवीन आवाज. दिवसभर बाबा खूश. "तू गाणं गुणगुणतेस होय पुढे? मला काय माहीत!"

संध्याकाळी तोच रस्ता. नदीवर धूर की धुकं, ओळखू येत नव्हतं. पूल चढताना मी श्वास भरून घेतला आणि म्हणाले, "बाबा, एक सांगायचंय."

"केव्हा जायचंय?" कानात आलं.

माझी गाडी जागच्या जागी उभी राहिली. मागे वळायची हिंमत नव्हती, तशीच उभी राहिले. बाबाही लांब थांबले असावेत. ते सावकाश बोलत होते. तीन आठवडे झाले, पूल संपला की तुझा डावा खांदा स्टेशनकडे जातो. गाडीपण जाते हातभर. मग तू सावरतेस आणि उजवीकडे वळतेस. "पहिल्यांदा मला वाटलं, हवा कमी असेल. दोन्ही टायर तपासले. हवा ठीक होती."

मी तिथेच सगळं सांगितलं. समुद्र, वीस गाड्या. हो म्हणून बसलेय, हेही. बाबा म्हणाले, "चांगलं केलंस. तीन वर्षं तुझीच पाठ बघतोय, ती कुठे बघते ते मला कळू नये?"

"आणि तुम्ही?"

"मी? मला काय धाड भरलीय! मी आपला माझ्या घरी बरा. या वयात गाव बदलत नाहीत." फार पटकन म्हणाले. वर पुन्हा म्हणाले.

घरी आल्यावर मी भात लावला. जेवताना दोघांनीही टीव्हीकडे बघितलं. बंद होता.

८ नोव्हेंबर, शनिवार

बाबांनी दोनदा विचारलं, समुद्राची हवा खारी असते, तारा लवकर सडत असतील, नाही? मी म्हटलं, सडत असतील. मग तिसऱ्यांदा विचारलं, तिथे शेपटीला कोण असेल. म्हटलं, ठेवतील कुणीतरी. "जपून ठेवायला सांग," म्हणाले आणि झोपायला गेले.

९ नोव्हेंबर, रविवार

आज पहिल्यांदा बाबांना पुढे घातलं, मी शेपटीला. म्हटलं, मी गेल्यावर बंद करायचं की चालवायचं ते तरी कळेल. धुक्यात त्यांची पाठ तरंगत होती, ताठ, कंडक्टरची. प्रत्येक चौकात हात वर, "मागे?" आणि मी म्हणत होते, "सगळे. चला."

पूल संपला. लोकांना उजवीकडे वळवायचं होतं. बाबांचा डावा खांदा हळूच कलला. गाडी हातभर स्टेशनकडे गेली. मग सावरली.

हवा मी सकाळीच तपासली होती.

घरी येऊन आधी टोपीवाल्या बाईंना फोन लावला. विचारलं, शेपटीला कुणी ठेवलाय का?